क्लाऊडवरचं अ‍ॅप मेसेज ब्रोकरला सुरक्षितपणे कसं जोडायचं: कोल्ड स्टोरेजच्या कामातून हाती लागलेल्या पायऱ्या

एप्रिलमधली रात्र होती. सव्वाअकराला तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून ऑपरेटर मामांचा फोन आला. "दादा, तीन नंबरच्या खोलीत काटा आठवर गेलाय. तुमच्या मोबाईलवर काय दिसतंय?"

माझ्या मोबाईलवर ४.२ अंश दिसत होतं, हिरव्या अक्षरांत. संध्याकाळी लाइट गेली होती, जनरेटर लागला, पण त्या खोलीचा कॉम्प्रेसर परत सुरूच झाला नव्हता. त्यात नुकताच रॅकवरून उतरलेला गरम माल आत लागला होता. मामा फेरी मारायला गेले म्हणून कळलं. आमची सगळी यंत्रणा गप्प होती.

तापमानाचे आकडे खोलीतल्या सेन्सरच्या छोट्या बोर्डवरून मेसेज ब्रोकरकडे आणि तिथून क्लाऊडवरच्या अ‍ॅपकडे जायचे. ती साखळी नेमकी कुठे तुटली, हे शोधायला मला चार दिवस लागले. सांगली-मिरज-कुपवाड भागात आता बरेच तरुण असली कामं घेताहेत: द्राक्षबागेतली हवामान यंत्रं, हळदीची गोदामं, पाण्याचे पंप. तुमचे ते चार दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी चित्र समजून घ्या

मार्केट यार्डात शेतकरी माल अडत्याकडे टाकतो आणि खरेदीदार अडत्याकडे येतो. दोघांची भेट झालीच पाहिजे असं नाही. मेसेज ब्रोकरचं तसंच आहे. बोर्ड 'खोली ३ चं तापमान' या नावाखाली आकडा पाठवतो. त्या नावाला टॉपिक म्हणतात. ज्यांनी त्या टॉपिकची नोंदणी केली आहे, त्यांना ब्रोकर तो आकडा त्याच क्षणी पोचवतो.

यासाठी सगळ्यात रुळलेली भाषा म्हणजे एमक्यूटीटी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवली. लाइन महाग आणि बेभरवशाची असते हे गृहीत धरूनच तिची बांधणी झाली आहे, त्यामुळे आपल्याकडच्या नेटला ती चांगली मानवते. पण जन्मतः ती उघडी आहे. कुलूप आपल्यालाच लावावं लागतं.

काय काय जवळ हवं

- स्वतःच्या मालकीचं डोमेन नाव. ब्रोकरचा पत्ता नेहमी नावाने द्या, आयपी आकड्याने नको.
- क्लाऊडवरचं खातं. ते ग्राहकाच्या ईमेलवर काढा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.
- ब्रोकर: स्वतः चालवायचा तर मॉस्किटो हे फुकटचं सॉफ्टवेअर, नाहीतर एखादी तयार सेवा.
- सर्टिफिकेट, म्हणजे ब्रोकर खरा आहे हे पटवणारं डिजिटल ओळखपत्र. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं.
- मॉस्किटोसोबत येणारी मेसेज पाठवायची आणि ऐकायची दोन छोटी साधनं, लॅपटॉपवर बसवलेली.
- एक वही. कुठल्या बोर्डला कुठली ओळख दिली, कधी दिली, कोणी बसवलं, हे लिहायला.

वही गंमत म्हणून सांगत नाही. १४ बोर्ड झाल्यावर डोक्यात काही राहत नाही.

१. कोण कोणाशी बोलणार, ते कागदावर काढा

कोड उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे पाठवणारे, मध्ये ब्रोकर, उजवीकडे ऐकणारे. प्रत्येक रेघेवर टॉपिकचं नाव लिहा.

आमच्या कागदावर १४ बोर्ड, नोंदी साठवणारं अ‍ॅप, अलार्मचं अ‍ॅप आणि मालकांचं मोबाईल पान होतं. काढताना लक्षात आलं की मोबाईल पानाने ब्रोकरशी बोलायची गरजच नाही, ते अ‍ॅपकडून आकडे घेऊ शकतं. एक रेघ खोडली आणि एक दार कायमचं बंद झालं. कागदावर रेघ खोडायला काही लागत नाही, पुढे तेच काम आठवडाभराचं होतं.

टॉपिकची नावं ठिकाण, खोली, माप अशा उतरत्या क्रमाने ठेवा. त्यात शेतकऱ्याचं नाव किंवा फोन नंबर घालू नका, कारण टॉपिक प्रत्येक लॉगमध्ये (ब्रोकर आपोआप लिहितो त्या नोंदींत) उमटतो.

२. ब्रोकर कुठे ठेवायचा ते ठरवा

दोन रस्ते आहेत. छोटा सर्व्हर घेऊन मॉस्किटो स्वतः चालवायचा, किंवा एडब्ल्यूएस (अमेझॉनचा क्लाऊड) आयओटी कोअरसारखी तयार सेवा घ्यायची. पहिल्यात पैसे कमी, पण अपडेट, सर्टिफिकेट, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. दुसऱ्यात प्रत्येक उपकरणाला वेगळं सर्टिफिकेट आणि वेगळी परवानगी देण्याची सोय तयार मिळते. हाताशी पूर्णवेळ माणूस नसेल तर तयार सेवा घ्या, असं मी आता सांगतो. सुरुवातीला मी उलट सांगायचो.

अ‍ॅप आणि ब्रोकर जवळच्या ठिकाणी ठेवा. एडब्ल्यूएसचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूरचं मध्य भारताचं केंद्र पुण्यात आहे. दोन्ही एकाच क्लाऊडवर असतील तर खासगी नेटवर्कमधून जोडणी होते का ते बघा. होत असेल तर अ‍ॅपची वाहतूक सार्वजनिक इंटरनेटवर येतच नाही.

तयार सेवा घेतलीत तरी तिच्याच खास सोयींमध्ये गुंतून पडू नका. गूगलने स्वतःची आयओटी कोअर सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. ज्यांनी साधी एमक्यूटीटी आणि स्वतःचं डोमेन वापरलं, त्यांना घर बदलणं सोपं जातं.

मॉस्किटो घेणाऱ्यांसाठी दोन खड्डे. आवृत्ती २.० पासून तो काही न सांगता सुरू केला तर फक्त त्याच मशीनवरून जोडणी घेतो. मग नवखा माणूस जुना लेख शोधतो आणि 'अनोळखी लोकांना परवानगी' देणारी ओळ घालून मोकळा होतो. ती ओळ घालू नका, पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) आणि पासवर्ड फाईल नीट लिहा. दुसरं, पासवर्ड फाईल बनवायच्या कमांडमधला 'सी' पर्याय नवी फाईल तयार करतो. दुसरा वापरकर्ता जोडताना तोच पर्याय परत दिला, तर आधीचे सगळे वापरकर्ते पुसले जातात.

३. प्रत्येकाला वेगळी ओळख द्या

पहिल्या वर्षी मी सगळ्या बोर्डांना एकच पासवर्ड दिला होता. बसवायला सोपं. मग एक बोर्ड खराब झाला म्हणून दुरुस्तीला गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या चिपमध्ये आमचा पासवर्ड होता. तो बदलायचा म्हणजे उरलेल्या १३ बोर्डांपाशी शिडी घेऊन जाणं आलं. आम्ही गेलो, दोन दिवस लागले.

वेगळी ओळख असती तर वहीत बघून एक नाव रद्द केलं असतं, काम संपलं असतं. बोर्ड असो वा क्लाऊडवरचं अ‍ॅप, प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड किंवा सर्टिफिकेट वेगळं.

यातच क्लायंट आयडी येतो, म्हणजे जोडताना प्रत्येक जण ब्रोकरला सांगतो ते नाव. एका आयडीची एकच जोडणी ब्रोकर ठेवतो. त्याच आयडीने दुसरा आला की पहिल्याला तो बाहेर काढतो. पहिला परत जोडतो, दुसरा बाहेर जातो, आणि हे रात्रभर चालतं. घरी लॅपटॉपवर अ‍ॅप तपासताना क्लाऊडवरचीच सेटिंग फाईल वापरली की हमखास हे होतं. लॉगमध्ये दर दोन-चार सेकंदांनी जोडणी तुटताना दिसली, तर नेटला दोष देण्याआधी हे बघा.

अ‍ॅपच्या दोन प्रती एकाच वेळी चालवायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळा आयडी द्या आणि एमक्यूटीटी ५ मधली सामायिक नोंदणी वापरा. मग एक मेसेज दोघींपैकी एकीलाच मिळतो.

४. दार एकच ठेवा

एमक्यूटीटीचं उघडं पोर्ट १८८३, टीएलएसचं (वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर गुप्त करणारी पद्धत) कुलूप असलेलं ८८८३. उघड्यावर पासवर्डसुद्धा जसाच्या तसा वाहतो, वाटेतल्या कोणालाही वाचता येतो. म्हणून क्लाऊडच्या फायरवॉलमध्ये १८८३ बंद करा. 'चाचणीपुरतं उघडं' ठेवलेलं पोर्ट पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही. टीएलएसची आवृत्ती किमान १.२ ठेवा.

क्लाऊडवरच्या अ‍ॅपचा बाहेर जाणारा आयपी ठराविक असेल, तर फायरवॉलमध्ये त्याची नोंद करून आणखी एक आडोसा करता येतो. पण अनेक ठिकाणी हा आयपी बदलत राहतो किंवा इतर ग्राहकांसोबत वाटलेला असतो. ठराविक हवा तर बाहेरच्या वाहतुकीसाठी वेगळा गेटवे घ्यावा लागतो, त्याचे पैसे पडतात. आयपीची यादी असली तरी ओळख आणि पासवर्ड लागतातच.

कोल्ड स्टोरेजच्या राउटरवर मात्र काहीही उघडायची गरज नाही. बोर्ड स्वतः बाहेर ब्रोकरकडे जातो. नेट बसवणारा "पोर्ट उघडून देतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

५. सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका

त्या रात्रीची गोष्ट इथली आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

मी मोटारसायकलवर गेलो, कोट घालून तीन नंबरच्या खोलीत शिरलो. बोर्डचा निळा दिवा लुकलुकत होता, म्हणजे वायफाय होतं. लॅपटॉपची केबल लावली. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: सर्टिफिकेटची पडताळणी अयशस्वी. बोटं गारठलेली, मामा दारात बॅटरी धरून उभे. रात्री दोन वाजता मी जे केलं, ते तुम्ही करू नका: कोडमध्ये 'पडताळणी करू नको' ही ओळ घातली. बोर्ड लगेच जोडला गेला, आणि ती ओळ पुढे पाच महिने तशीच राहिली. त्या पाच महिन्यांत कोणीही आमच्या ब्रोकरचं सोंग घेऊन त्या बोर्डकडून पासवर्ड काढून घेऊ शकला असता.

प्रत्येक भाषेत ही ओळ वेगळ्या नावाने मिळते. पायथनमध्ये आहे, नोडमध्ये आहे, बोर्डवरच्या ईएसपी ३२ चिपच्या लायब्ररीत तर दोन शब्दांची आहे, आणि अडलेल्याला नेटवर पहिलं उत्तर तेच सापडतं. ही ओळ घातल्यावर कुलूप दिसतं, पण पलीकडे कोण आहे ते कोणी विचारत नाही.

खरं कारण साधं होतं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. आमचं वेळेवर नवं झालं होतं, फाईल बदलली होती, पण ब्रोकरला ती परत वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. तो जुनंच दाखवत राहिला आणि ते संपलं. सर्टिफिकेट तपासलं जातं ते जोडणी होताना. आधीपासून जोडलेले सगळे बिनबोभाट चालू होते, म्हणून कोणाला पत्ता नाही. लाइट गेली, तीन नंबरचा बोर्ड बंद होऊन परत सुरू झाला, आणि फक्त त्यालाच दार बंद मिळालं.

म्हणून नूतनीकरणाच्या कमांडलाच ब्रोकरला फाईल परत वाचायला लावणारी कमांड जोडा. ब्रोकर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला किल्लीची फाईल वाचायची परवानगी आहे का तेही बघा, नाहीतर नवी फाईल समोर असून वाचता येत नाही. आणि बाहेरून रोज एकदा तपासणी लावा: ब्रोकर आत्ता दाखवतोय त्या सर्टिफिकेटचे किती दिवस उरलेत? २० च्या खाली गेले की मेसेज यावा. डिस्कवरच्या फाईलची तारीख बघू नका, तिनेच मला फसवलं होतं. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हाताने करायचे दिवस संपलेच समजा.

बोर्डमध्ये ब्रोकरचं स्वतःचं सर्टिफिकेट न घालता, ते देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट घाला. लेट्स एन्क्रिप्टचं 'आयएसआरजी रूट एक्स १' २०३५ पर्यंत चालतं. मूळ सर्टिफिकेटही संपतं हे विसरू नका. ३० सप्टेंबर २०२१ ला त्यांची सर्टिफिकेटं ज्यावर टेकली होती ते दुसऱ्या संस्थेचं जुनं मूळ संपलं, तेव्हा जगभर जुनी उपकरणं अडली होती. ते दूरवरून बदलता येईल अशी सोय पहिल्या दिवशीच ठेवा.

आणि घड्याळ. लाइट येते तेव्हा बोर्डच्या मते १ जानेवारी १९७० असतो. त्याला वाटतं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, तो नाकारतो. आधी इंटरनेटवरून वेळ घ्यायची, मग ब्रोकरला जोडायचं. नेट उशिरा येणाऱ्या ठिकाणी डीएस ३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळ लावा, स्वस्त आहे.

६. कोणी काय बोलायचं, काय ऐकायचं ते बांधून द्या

ओळख पटली म्हणून यार्डातल्या प्रत्येक दुकानाची किल्ली कोणी देत नाही. खोली ३ च्या बोर्डला फक्त खोली ३ च्या टॉपिकवर लिहिण्याची परवानगी. वाचायची गरज नसेल तर वाचण्याची नाही. नोंदी साठवणाऱ्या अ‍ॅपला फक्त वाचण्याची. मॉस्किटोमध्ये वापरकर्त्याचं नाव टॉपिकमध्ये आपोआप भरणारा नमुना लिहिता येतो, मग १४ बोर्डांना एक ओळ पुरते.

'#' हे चिन्ह म्हणजे त्याखालचं सगळं. चाचणीत सोयीचं वाटतं, पण प्रत्यक्ष कामात कोणालाही ते देऊ नका.

इथला सगळ्यात छळणारा सापळा असा: एमक्यूटीटी ३.१.१ मध्ये परवानगी नसलेल्या टॉपिकवर पाठवलं, तर पाठवणाऱ्याला 'नाही' असं सांगायची सोयच नाही. मॉस्किटो मेसेज घेतो आणि टाकून देतो. बोर्ड म्हणतो पाठवला, अ‍ॅप म्हणतं आला नाही. टॉपिकमधलं एक अक्षर चुकलं तरी हेच होतं. अशा वेळी ब्रोकरचा लॉग उघडा. एमक्यूटीटी ५ मध्ये पोच मागणाऱ्या मेसेजला नकाराचं कारण परत येऊ शकतं, शक्य असेल तर तीच आवृत्ती घ्या.

७. पासवर्ड कोडमध्ये नको

क्लाऊडवर गुपितं ठेवायची वेगळी सोय असते. अ‍ॅप सुरू होताना तिथून पासवर्ड घेतं. कोडमध्ये नको, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. गिटमध्ये चुकून गेला तर नुसती ओळ पुसून भागत नाही, इतिहासात तो राहतो. तो गेलाच असं समजून नवा करा.

८. ब्राउझरमधून जोडायचंच असेल तर

ब्राउझर एमक्यूटीटी थेट बोलत नाही. वेबसॉकेटमधून (ब्राउझरची सतत उघडी राहणारी जोडणी), कुलूपबंद, सहसा ४४३ पोर्टवरून बोलतो. पानाच्या कोडमध्ये घातलेला पासवर्ड कोणीही उघडून वाचू शकतो. म्हणून माणसाने लॉगिन केल्यावर अ‍ॅपने त्याला १०-१५ मिनिटांचं टोकन (तात्पुरता परवाना) द्यावं, तेही फक्त त्याच्याच खोल्या वाचण्यापुरतं. ग्राहक फक्त आकडे बघणार असेल तर हे सगळं टाळा आणि आमच्यासारखी ती रेघ खोडा.

९. जोडणी तुटणार, हे धरून चाला

मोबाईलवर ४.२ का दिसत होतं? बोर्ड प्रत्येक मेसेज 'राखून ठेव' म्हणून पाठवत होता. ब्रोकरकडे शेवटचा आकडा राहतो आणि नव्याने आलेल्याला तोच मिळतो. सोय चांगली आहे, पण आकडा कधीचा आहे हे आमच्या मेसेजमध्ये नव्हतं. आता प्रत्येक मेसेजमध्ये मोजल्याची वेळ असते, आणि १० मिनिटांपेक्षा जुना आकडा पानावर करडा होऊन त्याखाली 'शेवटचा निरोप इतक्या मिनिटांपूर्वी' असं येतं.

दुसरी सोय मृत्युपत्राची. जोडतानाच बोर्ड ब्रोकरकडे एक मेसेज ठेवतो: मी निरोप न घेता गेलो तर हा सगळ्यांना सांग. ठरलेल्या संपर्कवेळेच्या दीडपट काळ बोर्ड गप्प राहिला की ब्रोकर तो पाठवतो. आम्ही ६० सेकंद ठेवले आहेत. मध्ये क्लाऊडचा लोड बॅलन्सर किंवा एनजिनएक्स (येणारी वाहतूक पुढे वाटून देणारे मधले सर्व्हर) असेल तर त्याची गप्प जोडणी तोडायची मुदत बघा. अनेकदा तीही ६० सेकंदांचीच असते, तेव्हा तुमची संपर्कवेळ तिच्याहून कमी ठेवा.

महत्त्वाचे मेसेज दर्जा १ ने पाठवा, म्हणजे पोच मिळेपर्यंत ते परत पाठवले जातात. मग एखादा मेसेज दोनदा येणार. बोर्डचं नाव आणि मोजल्याची वेळ यांच्या जोडीवर नोंद एकदाच होईल असा नियम डेटाबेसमध्ये लावा. तुटल्यावर परत जोडताना थांबण्याचा वेळ वाढवत न्या, त्यात काही सेकंद अनियमित मिसळा. पुढे शंभर बोर्ड झाले आणि लाइट एकदम आली, की सगळे एकाच क्षणी दारावर येऊ नयेत.

मागणीनुसार जागं होऊन बंद होणारी क्लाऊड फंक्शन्स वापरत असाल तर त्यातून दर वेळी नवी एमक्यूटीटी जोडणी उघडू नका. ब्रोकरची जोडण्यांची मर्यादा भरते. सेवेत एचटीटीपीने मेसेज पाठवायची सोय असेल तर तीच घ्या.

१०. ग्राहकाच्या हाती द्यायच्या आधी मुद्दाम मोडून बघा

सुरळीत चाललेलं बघून सही घेऊ नका. चुकीच्या पासवर्डने जोडून बघा, नकार आला पाहिजे. १८८३ वर बाहेरून ठोठावून बघा. खोली ३ च्या ओळखीने खोली ५ च्या टॉपिकवर लिहून बघा, ते पलीकडे पोचता कामा नये. बोर्डला खोटं सर्टिफिकेट दाखवणारा दुसरा ब्रोकर लॅपटॉपवर उभा करा, बोर्डने त्याच्याशी बोलणं टाळलं पाहिजे. ब्रोकर पाच मिनिटं बंद ठेवून परत सुरू करा आणि मधले आकडे आले का ते मोजा.

शेवटची चाचणी ऑपरेटरसोबत करा. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करतो. मामा तीन नंबरमध्ये जाऊन बोर्डची पिन काढतात, मी बाहेर घड्याळ धरतो. दीड मिनिटाच्या आसपास मामांचा फोन वाजतो, मग मालकांचा. मामा पिन परत लावतात, वेळ वहीत लिहितात आणि चार नंबरकडे जातात.